मदत हवी आहे: व्हिममध्ये एस्केप दाबूनही एकही कमांड लागेना

मागवाला_सोलापूर: तासभर अडकलोय. सर्व्हरवरची मालाची यादी व्हिममध्ये, म्हणजे टर्मिनलवरच्या त्या मजकूर लिहायच्या एडिटरमध्ये उघडली, चाळीसेक ओळी घातल्या. आता सेव्ह करून बाहेर पडायला एस्केप दाबून कोलन, डब्ल्यू, क्यू दाबतोय तर ढिम्म. ओळ खोडायची डीडी नाही, केलेलं मागे घ्यायची यू नाही. कमांडचा तक्ता पाठ केलाय, त्यामुळे "आधी एस्केप दाबा" सांगू नका. व्यापाऱ्याला यादी आठच्या आत पाठवायचीय. पटकन सांगा.

कडक_भाकरी: नॅनो वापरा, तो साधा एडिटर. कमांड खालीच लिहिलेल्या असतात, कंट्रोल एक्स दाबलं की बाहेर. आमच्या ऑफिसात सगळ्यांना मी नॅनोवर आणलंय, एकाचीही तक्रार नाही.

मागवाला_सोलापूर: अण्णा, फाईल व्हिममध्ये उघडी आहे. आधी यातून सुटू द्या.

जुना_टर्मिनल: कॅप्स लॉक चालू आहे का? छोटा यू आणि मोठा यू वेगळे. सवयीने कंट्रोल एस दाबलंय का? त्यानं टर्मिनल गोठतं. कंट्रोल क्यू दाबा, सुटेल.

मागवाला_सोलापूर: कॅप्स बंद आहे. गोठलेलं नाही, बाण दाबला की कर्सर हलतो.

जुना_टर्मिनल: बाण सोडा, एच, जे, के, एल शिका. बिल जॉय यांनी व्हीआय, म्हणजे व्हिमचा पूर्वज, लिहिला तो एडीएम-3ए टर्मिनलवर, 1976 च्या सुमारास. त्या कीबोर्डवर बाण याच चार अक्षरांवर छापलेले होते. बोटं जागची हलत नाहीत.

शेंगाचटणी: बाण आहेत तर वापरू द्या की. मी सहा वर्षं बाणांवरच काम करतोय, काही अडलं नाही. माणूस अडकलाय आणि तुम्ही इतिहास सांगताय.

जुना_टर्मिनल: इतिहास कळला की कमांड लक्षात राहते. नुसता तक्ता घोकून हेच होतं.

हिप्परग्याचा: ते राहू द्या. मागवाले, एस्केप दाबल्यावर खालच्या कोपऱ्यातलं इन्सर्ट, म्हणजे मजकूर लिहायच्या मोडची खूण, जातं का? आणि कोलन दाबल्यावर खालच्या ओळीत कोलन दिसतो का?

मागवाला_सोलापूर: इन्सर्ट जातं. कोलन दिसत नाही. आता आय दाबला तरी परत इन्सर्ट येत नाही. मघाशी एस्केप न दाबताच कोलन, डब्ल्यू, क्यू दाबलं गेलं, तर यादीच्या शेवटी "छैौ" उमटलं. तेही खोडायचंय.

हिप्परग्याचा: थांबा. यादी मराठीत आहे?

मागवाला_सोलापूर: मग कशात असणार? चादर, टॉवेल, पंचा, नॅपकिन. सोलापूरचा माल आहे.

हिप्परग्याचा: दादा, हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतं. तुमचा कीबोर्ड अजून इन्स्क्रिप्टवर, म्हणजे मराठी अक्षरांच्या मांडणीवर आहे. तिथं कोलनच्या जागी छ, डब्ल्यूच्या जागी ऐची मात्रा, क्यूच्या जागी औची. म्हणून छैौ. एस्केपनं व्हिमचा मोड बदलतो, कीबोर्डची भाषा बदलत नाही. तुम्ही डीडी दाबता तेव्हा व्हिमला दोन हलन्त मिळतात, आय दाबता तेव्हा ग. त्याला त्यांचा काही अर्थच लागत नाही. भाषा इंग्रजी करा. कर्सर छैौवर नेऊन एक्स दाबा, ते जाईपर्यंत. मग कोलन, डब्ल्यू, क्यू, एंटर.

शेंगाचटणी: आमच्याकडे दुपारीच लाईट गेली, तुमच्याकडे आहे ना? इन्व्हर्टर नसेल तर क्यू राहू दे, आधी डब्ल्यू मारून घ्या.

हिप्परग्याचा: गेलीच तर घाबरू नका. व्हिम स्वॅप फाईल ठेवतो, म्हणजे चालू कामाची तात्पुरती नोंद. परत उघडताना विचारेल, तेव्हा आर दाबून बरंचसं परत मिळतं. मात्र नंतर ती स्वॅप फाईल काढून टाका, नाहीतर दर वेळी तोच प्रश्न.

मागवाला_सोलापूर: सुटलो! सेव्ह झालं, यादी गेली. लै उपकार झाले. पण आता दर एस्केपला भाषा बदलत बसायची का? रोज दोनशे ओळी असतात.

कडक_भाकरी: म्हणूनच म्हणत होतो, नॅनो.

हिप्परग्याचा: नाही बदलायची. कीबोर्ड कायम इंग्रजी ठेवा आणि मराठी व्हिमकडून घ्या. त्याला कीमॅप म्हणतात. कोणती की दाबली की कोणतं अक्षर, याची साधी फाईल असते. मी माझी स्वतः लिहिली, एका रविवारचं काम. ती लावली की मराठी फक्त इन्सर्टमध्ये उमटतं, एस्केपनंतर डीडी म्हणजे डीडीच. इन्सर्टमध्येच मध्येच इंग्रजी हवं तर कंट्रोल आणि 6. आर (एक अक्षर बदल) किंवा एफ (ओळीत पुढच्या त्या अक्षरावर जा) दाबल्यावर पुढचं अक्षर मात्र मराठीच घेतो, तेच आपल्याला हवं असतं. "पंचा"तल्या च वर जायचं तर एफ, मग च.

जुना_टर्मिनल: आणि तक्ता बाजूला ठेवून टर्मिनलवर व्हिमट्यूटर लिहा. अर्ध्या तासाचा धडा आहे, हातानंच करायचा. डी म्हणजे खोड, डब्ल्यू म्हणजे शब्द. डीडब्ल्यू म्हणजे शब्द खोड. सी म्हणजे बदल. सीडब्ल्यू काय, ते आता तुम्हीच सांगाल.

मागवाला_सोलापूर: शब्द बदल. आत्ता "चदर"चं "चादर" केलं त्यानंच. हिप्परगेवाले, ती कीमॅपची फाईल टाकता का इथं?

हिप्परग्याचा: जेवून टाकतो. ऱ्ह आणि ऱ्य तपासून घ्या, तिथं माझं एकदा चुकलं होतं.