मदत हवी आहे: शॉर्टफॉर्मवर बोट ठेवलं तरी पूर्ण नाव येत नाही

उचगावचा_पोरगा:
आमच्या सोसायटीच्या वेबसाइटवर कर्जाच्या कागदांची यादी टाकलोय. आरटीसी, पीकेपीएस असले शॉर्टफॉर्म. पानाच्या कोडात टॅग घातलो, टायटलमध्ये पूर्ण नावपण दिलो. नाव काय उघडंना. सकाळी अध्यक्षांना दाखवायचंय, लवकर सांगा.

टिळकवाडीकर:
टॅग कुठला? ब्राउझर कुठला? आणि कुणाकडं उघडंना?

निपाणीकर:
आरटीसी कशाला गा? सरळ सातबारा लिही की.

खानापूरवाला:
सातबारा पलीकडं महाराष्ट्रात, कागलला. आपल्याकडं कर्नाटकात पहाणी. मी एकदा इथं सातबारा मागितलो, तर खिडकीवरचा माणूस माझ्याकडं बघतच बसला.

उचगावचा_पोरगा:
ॲक्रोनिम टॅग. कंप्युटरवर येतंय की. सेक्रेटरीच्या मोबाइलवर येत नाही.

टिळकवाडीकर:
हे आधी सांगायचं नव्हं! टायटल माउस वर नेला की दिसतं. मोबाइलला माउस कुठला आणायचा? आणि ॲक्रोनिम टॅग एचटीएमएल ५ मधून, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेतून, बाद झालाय, त्याच्या जागी एबीबीआर टॅग घाल. तरी मोबाइलवर बोट ठेवून नाव येणार नाहीच.

जुना_वेबवाला:
आम्ही ॲक्रोनिम हौस म्हणून घालत नव्हतो. इंटरनेट एक्सप्लोरर ६ ब्राउझरला एबीबीआर कळतच नव्हता.

टिळकवाडीकर:
काका, २०२२ ला मायक्रोसॉफ्टनंच एक्सप्लोरर गुंडाळलं.

जुना_वेबवाला:
बरं. मग जावास्क्रिप्टनं पॉपअप काढ, दहा ओळींचं काम. मी देतो.

अनगोळची_ताई:
पॉपअप नको रे बाबा. माझ्या वडिलांना दिसत नाही, ते एनव्हीडीएवर, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, पान ऐकतात. टायटलमधलं त्यांना ऐकू येतच नाही. पहिल्यांदा येईल तिथं वाक्यातच पूर्ण लिही: ‘जमिनीचा उतारा, म्हणजे पहाणी (आरटीसी)’. पुढं नुसतं आरटीसी चालतंय. रेकॉर्ड ऑफ राइट्स, टेनन्सी अँड क्रॉप्स एवढं लांबलचक कोण वाचणार? आणि नुसतं आरटीसी दिसलं की आमच्या आजीला आरटीसीची सरकारी बसच आठवते.

खानापूरवाला:
पहाणीत आज्याचं नाव चुकलंय, कुठं जायचं?

निपाणीकर:
नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या हापिसात विचार. इथं टॅगचं चाललंय.

उचगावचा_पोरगा:
ताई, तसंच लिहिलो. मोबाइलवर दिसालंय. आता पीकेपीएसचं मराठीत काय लिहू? सेक्रेटरीलाच येत नाही, बोर्डावर कन्नडात आहे.

अनगोळची_ताई:
प्राथमिक कृषी पत्तिन सहकारी संघ. पत्तिन म्हणजे पतीचा, म्हणजे उधारीच्या पतीचा, नवऱ्याचा नव्हे. प्राथमिक कृषी पतसंस्था लिही.

उचगावचा_पोरगा:
अरे, मराठीतपण पीकेपीएसच होतंय की!

जुना_वेबवाला:
जावास्क्रिप्ट पाठवू का नको?