विधानपरिषदेने विधेयक फेटाळले, तर पुढे नेमके काय होते?

मुपो_सातारा (प्रश्नकर्ता)

नमस्कार. राज्याच्या वरिष्ठ सभागृहाविषयी माझी माहिती वर्तमानपत्रांपुरती आहे, आणि वर्तमानपत्रांत विधानपरिषद ठळकपणे दिसते ती बहुधा निवडणुकीच्या दिवशी, ‘कोणाची किती मते फुटली’ एवढ्याच निमित्ताने. सभागृह म्हणून ती काय करते, हे त्यातून उमगत नाही.

माझा मुख्य प्रश्न असा, की विधानसभेने एखादे विधेयक मंजूर केले आणि परिषदेने ते फेटाळले, तर त्या विधेयकाचे पुढे काय होते? संसदेत दोन सभागृहांचे एकमत झाले नाही तर संयुक्त बैठक बोलावता येते, हे शाळेत शिकलो होतो. राज्यात तशी सोय आहे का? दुसरे असे, की आमदारांतून परिषदेवर सदस्य निवडले जातात तेव्हा ‘विजयासाठी २३ मतांचा कोटा’ अशा बातम्या येतात. हा आकडा कोठून येतो? आणि तिसरे, राज्यघटनेत स्थानिक स्वराज्य संस्थांचा वाटा एक तृतीयांश दिला आहे. महाराष्ट्राच्या परिषदेतील एकूण ७८ जागांचा एक तृतीयांश २६ होतो, प्रत्यक्षात त्यांच्या जागा २२च आहेत. हे गणित मला सुटलेले नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

विधिशाखा

आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर राज्यघटनेच्या अनुच्छेद १९७ मध्ये आहे, आणि ते परिषदेच्या चाहत्यांना फारसे रुचणारे नाही. राज्यात संयुक्त बैठकीची तरतूदच नाही. विधानसभेने मंजूर केलेले विधेयक परिषदेने फेटाळले, किंवा परिषदेपुढे ठेवल्यापासून तीन महिने उलटूनही ते मंजूर केले नाही, किंवा विधानसभेला मान्य नसलेल्या सुधारणा त्यात सुचवल्या, तर विधानसभा ते विधेयक त्याच किंवा नंतरच्या अधिवेशनात पुन्हा मंजूर करून परिषदेकडे पाठवू शकते. या दुसऱ्या फेरीत परिषदेच्या हाती एकच महिना असतो. तिने पुन्हा नकार दिला, महिना तसाच जाऊ दिला किंवा पुन्हा न पटणाऱ्या सुधारणा सुचवल्या, तरी विधेयक विधानसभेने दुसऱ्यांदा मंजूर केले त्या स्वरूपात दोन्ही सभागृहांनी मंजूर केले असेच मानले जाते. तिसरी फेरी नाही.

याची उलट बाजू सहसा कोणी सांगत नाही. विधेयक प्रथम परिषदेत मांडले गेले आणि विधानसभेने ते फेटाळले, तर ते तेथेच संपते. म्हणजे विधानसभेचा नकार अंतिम असतो, परिषदेचा नकार मात्र मुदतीचा.

धन विधेयकाच्या, म्हणजे कर, सरकारी खर्च अशा केवळ आर्थिक बाबींच्या विधेयकाच्या, बाबतीत परिषदेचा अधिकार याहूनही तोकडा आहे. असे विधेयक परिषदेत मांडताच येत नाही. विधानसभेकडून आल्यावर ते चौदा दिवसांत शिफारशींसह किंवा शिफारशींविना परत करावे लागते, आणि त्या शिफारशी स्वीकारणे न स्वीकारणे सर्वस्वी विधानसभेच्या मर्जीवर असते. अर्थसंकल्पाच्या दिवशी वित्तमंत्री विधानसभेत भाषण वाचत असताना वित्त राज्यमंत्री तेच भाषण परिषदेत वाचत असतात, त्यामुळे दूरून दोन्ही सभागृहे सारखीच वाटतात. परंतु अनुदानाच्या मागण्यांवर, म्हणजे खात्यांनी मागितलेल्या खर्चाच्या रकमांवर, मतदान होते ते फक्त विधानसभेत. मंत्रिमंडळही विधानसभेलाच जबाबदार असल्यामुळे परिषदेत सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव आणता येत नाही, आणि राष्ट्रपतींच्या किंवा राज्यसभेच्या निवडणुकीत परिषदेच्या सदस्यांना मत नसते.

तरीही त्या तीन अधिक एक महिन्यांना कमी लेखू नये, असे माझे मत आहे. अधिवेशने काही आठवड्यांचीच असतात, त्यामुळे फेटाळलेले विधेयक पुन्हा आणायचे म्हणजे बहुधा पुढच्या अधिवेशनाची वाट पाहणे आले. परिषद कधी विसर्जित होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. विधानसभेत सत्तांतर झाले तरी परिषदेतील बहुमत काही काळ जुन्याच पक्षांकडे राहते. २०१४ मध्ये सत्तेवर आलेल्या सरकारला हा अनुभव आला होता. अशा काळात सरकारला विधेयक पुढे रेटण्याऐवजी विरोधकांशी बोलून घ्यावे लागते, आणि माझ्या मते परिषदेचा खरा उपयोग तेथे दिसतो.

गुरुजी_चांदूरबाजार

कोट्याविषयी मी लिहितो. शिक्षक म्हणून मतमोजणीचे काम केले असल्याने ही पद्धत टेबलावर बसून पाहिलेली आहे.

आमदारांतून होणारी निवडणूक एकल संक्रमणीय मताने होते. मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतिक्रम लिहायचे असतात, आणि एकाहून अधिक जागा असतील तर प्रत्येक वैध मतपत्रिकेचे मूल्य १०० धरले जाते. एकूण मूल्याला ‘जागा अधिक एक’ या संख्येने भागायचे, बाकी सोडून द्यायची आणि आलेल्या भागाकारात १ मिळवायचा, म्हणजे कोटा मिळतो. आपण म्हणता तो २३चा आकडा जुलै २०२४ च्या निवडणुकीतला आहे. जागा ११ होत्या आणि २७४ आमदारांनी मतदान केले. २७,४०० ला १२ ने भागल्यास २,२८३ येतात, त्यात १ मिळवून कोटा झाला २,२८४. बावीस पहिल्या पसंतींचे मूल्य २,२०० होते, ते पुरत नाही. तेवीसचे २,३०० होते. म्हणून ‘२३ मते’ असे सोयीने म्हणतात.

खरी गंमत पुढे आहे. समजा एखाद्या उमेदवाराला पहिल्या पसंतीची २६ मते मिळाली. त्याचे मूल्य झाले २,६०० आणि कोट्यापेक्षा ३१६ जास्त. हे जादा मूल्य वाया न घालवता त्या २६ मतपत्रिकांवरील पुढच्या पसंतीकडे वळवतात. सर्व पत्रिकांवर पुढची पसंती लिहिलेली असेल, तर ३१६ भागिले २६ म्हणजे अपूर्णांक सोडून प्रत्येकी १२, याप्रमाणे ३१२ मूल्य पुढे जाते आणि ४ मूल्य हिशेबातून गळते. पक्षांच्या बैठकांत रात्र रात्र चालतो तो हाच खल: कोणत्या आमदाराने पहिली पसंती कोणाला द्यायची आणि दुसरी कोणाला, म्हणजे आपल्या शेवटच्या उमेदवारापर्यंत पुरेसे मूल्य पोचेल. २०२४ मध्ये ११ जागांसाठी १२ उमेदवार होते आणि शेतकरी कामगार पक्षाचे जयंत पाटील पराभूत झाले, ते या गणितात मागे पडून.

राज्यसभेच्या निवडणुकीत २००३ पासून आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. परिषदेसाठीचे मतदान मात्र गुप्त आहे. मते फुटल्याच्या बातम्या परिषदेच्या निवडणुकीत अधिक का येतात, याचे कारण येथे आहे. २० जून २०२२ ला दहा जागांसाठी अकरा उमेदवार होते, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पराभूत झाले आणि लगेच दुसऱ्या दिवशी शिवसेनेतील बंड उघड झाले. गुप्त मतदानात हवेची दिशा आधी कळते, असे म्हणायला हरकत नाही.

पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत एका वेळी एकच जागा असते. तेथे मतपत्रिकेचे मूल्य १ धरतात आणि वैध मतांच्या निम्म्याहून अधिक असा कोटा असतो. पहिल्या फेरीत कोणी तो गाठला नाही, तर सर्वांत कमी मते मिळालेल्या उमेदवाराला बाद करून त्याच्या पत्रिका पुढच्या पसंतीनुसार वाटल्या जातात, मग त्याच्या वरच्याला, असे चालू राहते. २०२३ मध्ये अमरावती पदवीधरची मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत लांबली, ती याच पायरीपायरीच्या बाद फेऱ्यांमुळे. मतदारांना एक सांगणे: नावापुढे ‘एक’ असे अक्षरी लिहिले, बरोबरची खूण केली किंवा दोघांपुढे १ लिहिला, तर मतपत्रिका बाद होते. सुशिक्षितांच्या मतदारसंघात अशा बाद पत्रिकांचा गठ्ठा किती मोठा असतो, हे पाहून आम्हा शिक्षकांना अवघडल्यासारखे होते. शिवाय या मतदारसंघांची यादी प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने तयार होते. मागच्या वेळी नाव होते म्हणून या वेळी असेलच, असे नाही.

मुपो_सातारा (प्रश्नकर्ता)

गुरुजी, आपण इतके उलगडून सांगितले की पुढच्या मोजणीच्या बातम्या मी वहीपेन घेऊन पाहीन. २२ जागांचा उलगडा मात्र राहिला. आणि पदवीधर मतदारसंघातून उभे राहायला उमेदवार स्वतः पदवीधर असावा लागतो का?

विधिशाखा

उमेदवाराला पदवीची अट नाही. वय किमान तीस वर्षे पूर्ण असावे आणि राज्यातील कोणत्याही विधानसभा मतदारसंघात त्याचे नाव मतदार म्हणून असावे, एवढे पुरते. पदवीची अट आहे ती मतदाराला, आणि तीही मतदारयादीसाठी ठरवलेल्या पात्रता दिनांकापूर्वी किमान तीन वर्षे पदवी मिळालेली असावी अशी. नितीन गडकरी १९८९ पासून २०१४ पर्यंत नागपूर पदवीधर मतदारसंघाचे प्रतिनिधी होते, त्यामुळे हा मतदारसंघ बाहेरच्यांनाही नावाने माहीत असतो.

आता २२चा उलगडा. अनुच्छेद १७१ मध्ये दिलेले वाटे, म्हणजे एक तृतीयांश स्थानिक संस्था, एक तृतीयांश विधानसभा, एक द्वादशांश पदवीधर, एक द्वादशांश शिक्षक आणि उरलेले राज्यपालनियुक्त, हे ‘संसद कायद्याने अन्यथा ठरवीपर्यंत’ या शर्तीवर आहेत. प्रत्यक्ष आकडे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या अनुसूचीत दिले असून महाराष्ट्रासाठी ते ३०, २२, ७, ७ आणि १२ असे आहेत. तीस जागा विधानसभेच्या, बावीस स्थानिक संस्थांच्या. स्थानिक संस्था म्हणजे येथे महापालिका, नगरपालिका, कटक मंडळे (लष्करी छावणी क्षेत्राचा कारभार पाहणाऱ्या संस्था) आणि जिल्हा परिषदा. ग्रामपंचायत सदस्यांना या निवडणुकीत मत नाही, आणि हे मला आजवर पटलेले नाही. राज्यात सर्वांत जास्त संख्येने निवडून येणारे लोकप्रतिनिधी तेच आहेत.

आडवा_प्रश्न

वरील सर्व माहिती अचूक आहे, परंतु ती वाचून सभागृह सुरळीत चालते असा समज व्हावयास नको. सभापती रामराजे नाईक निंबाळकर यांची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर सभापतिपदी राम शिंदे यांची निवड झाली ती डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात. मधला सगळा काळ उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी कामकाज चालवले. घटना सांगते की परिषदेने ‘शक्य तितक्या लवकर’ सभापती निवडावा. अडीच वर्षे म्हणजे शक्य तितके लवकर, असे मानायचे असेल तर माझी ना नाही.

राज्यपालनियुक्त बारा सदस्यांचे तर विचारूच नका. वाङ्मय, शास्त्र, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा या क्षेत्रांतील ज्ञान वा अनुभव असलेल्यांसाठी या जागा आहेत. यातील सहकारी चळवळ हे क्षेत्र राज्यसभेच्या नियुक्त सदस्यांच्या यादीत नाही. ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर याच वाटेने सभागृहात आले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने बारा नावे पाठवली, राज्यपालांनी त्यांवर निर्णयच घेतला नाही, २०२२ मध्ये नव्या सरकारने ती यादी मागे घेतली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बारापैकी सात जागा भरल्या गेल्या. त्या सातांत राजकीय कार्यकर्तेच अधिक आहेत. स्थानिक संस्थांच्या बाबतीतही तेच: २०२२ पासून महापालिका आणि जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले, मतदारच उरले नाहीत, म्हणून मुदत संपलेल्या जागा रिकाम्या राहिल्या. कायद्यात ७८ सदस्य आहेत हे खरे, परंतु सभागृहात डोकी मोजल्यावर आकडा वेगळा निघतो.

विधिशाखा यांना माझा प्रश्न असा, की पराभूत किंवा निवडणुकीला उभ्याच न राहिलेल्या नेत्यांची सोय लावण्यापलीकडे या सभागृहाचा उपयोग दाखवता येईल का?

विधिशाखा

सोय लावली जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मंत्री झालेल्या व्यक्तीने सहा महिन्यांत कोणत्या तरी सभागृहाचे सदस्य होणे आवश्यक असते आणि परिषद हा त्यासाठीचा जवळचा रस्ता आहे. पृथ्वीराज चव्हाण नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री झाले आणि परिषदेवर आले. उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ ला शपथ घेतली. कोविडमुळे निवडणुका लांबल्या, सहा महिने संपत आले, आणि अखेर मे २०२० मध्ये ते परिषदेवर बिनविरोध निवडून आले. तेव्हा परिषदेच्या नऊ जागांवर राज्याचे मुख्यमंत्रिपद टांगलेले होते, ही गोष्ट लहान नव्हे.

उपयोगाचे म्हणाल, तर वि. स. पागे यांचे नाव घ्यावे लागेल. १९६० पासून १९७८ पर्यंत ते परिषदेचे सभापती होते आणि रोजगार हमी योजनेची कल्पना त्यांची. रोजच्या कामकाजातही तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा आणि नियम २६० खालील प्रस्ताव ही आयुधे परिषदेकडे आहेत. शिक्षकांचे थकीत वेतन, शाळांचे अनुदान, जुने निवृत्तिवेतन हे विषय तेथे जितक्या चिकाटीने लावून धरले जातात तितके विधानसभेत धरले जात नाहीत, कारण तेथे त्यांचे चौदा आमदार थेट शिक्षक-पदवीधरांच्या मतांवर आलेले असतात. यातून अमुक एका वर्गाचेच प्रश्न जास्त वेळ खातात, ही आपली पुढची हरकत असेल, तर ती मला मान्य आहे.

आणि सभागृह रद्द करण्याचे म्हणाल, तर अनुच्छेद १६९ नुसार विधानसभेने एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या किमान दोन तृतीयांश बहुमताने ठराव करावा लागतो, आणि त्यानंतर कायदा करायचा की नाही हे संसद ठरवते. आंध्र प्रदेशात परिषद १९८५ मध्ये रद्द झाली आणि २००७ मध्ये पुन्हा आली. जानेवारी २०२० मध्ये राज्याला तीन राजधान्या करण्याविषयीची विधेयके परिषदेने प्रवर समितीकडे (विधेयक तपासणाऱ्या सदस्यांच्या समितीकडे) पाठवली, तेव्हा तेथील सरकारने काही दिवसांतच परिषद बरखास्तीचा ठराव विधानसभेत मंजूर करून घेतला. संसदेने त्यावर कायदा केला नाही, तोवर निवृत्त सदस्यांच्या जागी सत्ताधारी पक्षाचे सदस्य येऊन परिषदेतील गणित बदलले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच विधानसभेने तो ठराव मागे घेतला.