खेळाडू 'तो पडला' म्हणतो, 'मी पडलो' का म्हणत नाही?

प्रश्न: थर्ड-पर्सन गेममध्ये (ज्यात आपलं पात्र, म्हणजे अवतार, स्क्रीनवर बाहेरून दिसतं) चेहरा, केस, कपडे सगळं बदलता येतं. तरी चाचणीत खेळाडू अवताराला 'तो'च म्हणतात. कुठे बिनसतंय?

उत्तर १: कपडे राहू द्या, आधी कंट्रोल तपासा. मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो-मोशन लावा, बोट आणि स्क्रीन एकाच चौकटीत घ्या. बटण दाबल्यापासून अवतार हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. एकूण वेळ १०० मिलिसेकंदांच्या पुढे गेला तर ते शरीर आपलं वाटणं अवघड. बहुतेकदा दोष ॲनिमेशनचा असतो: उडीआधीचं वाकणं लांबतं आणि मध्येच तोडता येत नाही. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये हे वाकणं ३-४ फ्रेमवर आणा, मग बाकीचं बघा.

उत्तर २: सहमत. शिवाय 'अवतार आवडला का?' असं विचारू नका, त्यातून काहीच कळत नाही. तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: तो माझ्यासारखा आहे का, मला त्याच्यासारखं व्हावंसं वाटतं का, खेळताना मी त्याच्या शरीरात असतो का. तुमची अडचण तिसऱ्यात दिसते.

उत्तर ३: चाचणीत सगळ्यांच्या अवतारांची उंची सारखी ठेवा. संशोधक यी आणि बेलेन्सन यांच्या २००७च्या प्रयोगात उंच अवतार मिळालेले लोक पैशांच्या वाटणीत जास्त ताठर वागले. आणि कटसीनमध्ये (खेळ थांबवून दाखवल्या जाणाऱ्या कथेच्या दृश्यात) अवताराने परस्पर निर्णय घेतले, तर कमावलेली जवळीक तिथेच तुटते.