स्कूबा डायव्हिंगचा रेग्युलेटर काही मिनिटांनी फुसफुसू लागतो, दोष कुठे?

प्रश्न: सिलिंडर उघडल्यावर सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) शांत असतो. पाच मिनिटं तसाच ठेवला की माउथपीसमधून बारीक हवा सुटते. पर्ज (हवा मोकळी सोडायचं बटण) दाबलं की थांबते, थोड्या वेळाने पुन्हा सुरू. सेकंड स्टेजची स्प्रिंग आवळू का?

उत्तर १: नको! लक्षणं फर्स्ट स्टेजची (सिलिंडरवर बसणाऱ्या, दाब कमी करणाऱ्या भागाची) आहेत. बीसीडीच्या (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटच्या) इन्फ्लेटर होजला इंटरमीडिएट प्रेशर, म्हणजे दोन स्टेजमधला दाब, मोजणारा गेज लावा, चार-पाचदा पर्ज करा, मग काटा पाहत राहा. बहुतेक मॉडेलांत तो ९ ते १० बारच्या आसपास स्थिरावतो; नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. चढतच राहिला तर हाय प्रेशर सीट (फर्स्ट स्टेजमधला हवा बंद करणारा तुकडा) झिजली आहे किंवा तिच्यावर कचरा बसलाय. वाढलेला दाब सेकंड स्टेजचा व्हॉल्व्ह ढकलून उघडतो. स्प्रिंग आवळलीत तर आवाज दबेल, श्वास जड होईल आणि मूळ दोष तसाच राहील.

उत्तर २: भरलेल्या आणि ५० बारच्या, दोन्ही सिलिंडरवर तपासा. फर्स्ट स्टेज अनबॅलन्स्ड पिस्टन प्रकारचा (सिलिंडरच्या दाबाचा परिणाम होणारा) असेल तर सिलिंडर रिकामा होताना इंटरमीडिएट दाब थोडा उतरतो, तो बिघाड नव्हे. नवी सीट घालूनही काटा चढला तर सीटवर टेकणारी धार भिंगाखाली पाहा. बारीकशी खाचही पुरते.

उत्तर ३: शुद्ध ऑक्सिजनसाठी वापरत असाल तर सर्व्हिसला देताना आवर्जून सांगा. ऑक्सिजनसोबत सिलिकॉन ग्रीस चालत नाही. सर्व्हिस होईपर्यंत हा सेट पाण्यात नेऊ नका.