फुटबॉलमधले धक्कादायक निकाल: कोणत्या मिनिटाला वाटलं की आज काहीतरी होणार?

स्कोअर तर सगळ्यांनाच पाठ असतात. मला ऐकायचंय ते असं की मॅच बघताना नेमकं कधी तुमच्या पोटात गोळा आला किंवा अंगावर काटा आला. माझं मत आधीच सांगून टाकतो, असे निकाल नुसत्या नशिबाने लागतात हे मला पटत नाही. दुबळ्या टीमने डोकं लावलेलं असतं, आपलं लक्ष मोठ्या नावांकडे असतं म्हणून ते दिसत नाही एवढंच.

सुरुवात मीच करतो. २२ नोव्हेंबर २०२२, वर्ल्डकप, अर्जेंटिना-सौदी अरेबिया. अर्जेंटिना सलग ३६ मॅच हरलेली नव्हती, १०व्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी आत, म्हटलं आता किती गोल होतात तेवढंच बघायचं. मग पहिल्या हाफमध्येच अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड, म्हणजे पास सुटताना त्यांचा माणूस सौदीच्या डिफेन्सच्या पुढे गेलेला, म्हणून गोल रद्द. सगळे म्हणाले सौदीवाले थोडक्यात वाचले, पण त्यांची डिफेन्सची लाइन बघा, पार हाफलाइनच्या जवळ चढत होती, एकाचा जरी पाय मागे राहिला असता तर खेळ खल्लास, आणि तरी कुणी घाबरून मागे सरकत नव्हतं. मला तिथेच वाटलं की ही टीम ठरवून आलीय. ४८व्या मिनिटाला अल शेहरीचा गोल, ५३व्याला अल दौसारीचा, सौदी २-१. तो दुसरा गोल मी अजूनही लावून बघतो, बॉक्समध्ये डावीकडे बॉल कंट्रोल केला, गिरकी घेतली, डिफेंडर्सच्या मधून वाट काढली आणि उजव्या पायाने लांबच्या वरच्या कोपऱ्यात. पुढे त्यांचा कीपर अल ओवैस, त्याने गोलमध्ये जे काही अडवलं त्याला तोड नाही.

*

तुम्ही मजेत लिहिताय, मी अर्जेंटिनाची कट्टर सपोर्टर आहे हो! त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. पण आता मागे वळून बघताना वाटतं की तो दणका बसला ते बरंच झालं. पुढच्या मॅचला मेक्सिकोविरुद्ध आमचा कोच स्कालोनी, त्याने पाच जण बदलले, ६४व्या मिनिटाला मेस्सीने बॉक्सच्या बाहेरून तो जमिनीलगतचा गोल मारला तेव्हा मी रडले अक्षरशः, आणि पोलंडविरुद्ध एन्झो फर्नांडेझ आणि हुलियान आल्वारेझ दोघंही सुरुवातीपासून खेळले. पहिली मॅच सहज जिंकली असती तर ही पोरं इतक्या लवकर पहिल्या अकरात आली असती का? मला नाही वाटत.

*

नशीब नसतं म्हणता ना, मग इटली-उत्तर मॅसेडोनिया बघा. मार्च २०२२, पालेर्मो, वर्ल्डकपचा प्लेऑफ. इटली युरो कप जिंकून वर्षसुद्धा झालं नव्हतं. ३२ शॉट मारले इटलीने, बत्तीस! पहिल्या हाफमध्ये त्यांच्या गोलकीपरने बॉल थेट बेरार्डीच्या पायात दिला, समोर गोल मोकळा, आणि बेरार्डीने इतका मऊ मारला की कीपर धावत परत येऊन अडवू शकला. माझ्या पोटात गोळा आला तो तेव्हाच. ९२व्या मिनिटाला मॅसेडोनियाच्या ट्रायकोव्हस्कीने लांबून मारला, इटलीचा कीपर डोनारुम्मा झेपावला पण पोचला नाही. लागोपाठ दुसरा वर्ल्डकप इटलीविना. ह्यात त्यांची कुठली आखणी होती ते मला कुणीतरी समजावून सांगा, मी खरंच विचारतोय.

*

वरच्यांना: त्याच उत्तर मॅसेडोनियाने त्याच्या आदल्याच वर्षी जर्मनीला जर्मनीत जाऊन २-१ हरवलं होतं. गोल पांडेव आणि एल्मासचे. एकदा नशीब म्हणू, दोनदा कसं म्हणायचं? दाटीवाटीने बचाव करायचा आणि समोरचा कंटाळून चुकेपर्यंत धीर धरायचा, हीच आखणी.

*

धीराचं म्हणाल तर २००४च्या युरो कपमधला ग्रीस. लोक आजही त्या टीमला कंटाळवाणी म्हणतात, मला राग येतो त्याचा. त्यांचा कोच रेहागेलने काय केलं बघा, नॉकआउटच्या तिन्ही मॅच १-०, तिन्ही गोल हेडर. फ्रान्सविरुद्ध करिस्तेआस, चेकविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये कॉर्नरवर डेल्लास, फायनलला परत कॉर्नर आणि परत करिस्तेआस. पोर्तुगालला तर त्यांनी सलामीलाही हरवलं होतं आणि फायनललाही, तेही पोर्तुगालमध्येच. ज्याला जे येतं ते त्याने इतकं चोख करणं ह्यात कंटाळवाणं काय आहे?

*

बायकांच्या मॅचबद्दल कुणी लिहिलंच नाही म्हणून मी लिहिते. २०२३चा वर्ल्डकप. जर्मनीने मोरोक्कोला ६-० धुतलं, सगळ्यांनी मोरोक्कोचं नाव खोडलं. मग कोलंबियाने जर्मनीला हरवलं, १८ वर्षांच्या लिंडा कैसेदोचा तो गोल, शेवटी जर्मनीच्या पॉपने पेनल्टीवर बरोबरी केली आणि ९७व्या मिनिटाला कॉर्नरवरून कोलंबियाच्या व्हानेगासचं हेडर. गटाच्या शेवटच्या दिवशी मोरोक्कोने कोलंबियाला १-० हरवलं पण पुढे जायचं की नाही ते जर्मनी-कोरियावर अवलंबून. मोरोक्कोच्या पोरी मैदानावरच घोळका करून फोनमध्ये ती मॅच बघत उभ्या होत्या. १-१ वर संपली आणि त्या ज्या किंचाळत सुटल्या! पहिलाच वर्ल्डकप त्यांचा, आणि जर्मनी घरी. मला ती सगळ्यात मोठी उलथापालथ वाटते.

*

जपान, २०२२चा वर्ल्डकप. जर्मनी आणि स्पेन, दोन्ही वेळा हाफटाइमला ०-१ मागे आणि दोन्ही वेळा २-१ ने जिंकले. स्पेनकडे ८० टक्क्यांच्या वर वेळ बॉल होता. स्पेनविरुद्ध जपानचा कोच मोरियासुने हाफटाइमला दोआनला आणि मितोमाला आत आणलं तेव्हाच मी ताठ बसलो कारण जर्मनीविरुद्धही बदली खेळाडूंनीच मॅच फिरवली होती. मधल्या मॅचला मात्र कोस्टारिकाकडून हरले, ते का ते मला अजून कळलेलं नाही.

*

१९९०चा वर्ल्डकप कुणी पाहिलाय का? अर्जेंटिना-कॅमेरून?

*

पाहिलंय. मॅराडोनाची टीम, गतविजेती. ६१व्या मिनिटाला कॅमेरूनचा एक जण बाहेर काढला आणि आम्हाला वाटलं संपलं, तर सहाच मिनिटांनी ओमाम बियिक एवढा उंच उडाला की बस, आणि त्याचं हेडर अर्जेंटिनाचा कीपर पुंपिदोच्या हातातून निसटलं. शेवटी शेवटी अर्जेंटिनाचा कानिजिया सुसाट निघाला, पहिल्याने पाय घातला, हा धडपडत पुढे, दुसऱ्याने घातला, तरी पुढे, आणि मग कॅमेरूनच्या मासिंगने त्याला असा उडवला की मासिंगचाच बूट निघाला पायातून. दुसरं रेड कार्ड. नऊ जणांनी मॅच काढली. ती टीम पुढे क्वार्टर फायनलला इंग्लंडविरुद्ध २-१ पुढे होती, इंग्लंडच्या दोन पेनल्टी गोलांनी हरली. त्या मॅचबद्दल उद्या सविस्तर लिहितो.