शब्दचर्चा: आयटूसीवरचं डिव्हाइस ‘सापडत नाही’, ‘ओळखत नाही’ की ‘ओ देत नाही’?

मायक्रोकंट्रोलर शिकणाऱ्यांसाठी मराठीत टिपणं लिहितोय, एका क्रियापदापाशी अडलोय. आयटूसीवर, म्हणजे दोन तारांवरून चिपांना बोलू देणाऱ्या बसवर, सेन्सर जोडला, कुठल्या पत्त्यावर कोण आहे ते बघणारा स्कॅनर प्रोग्राम चालवला आणि सिरियल मॉनिटरवर ‘नो आयटूसी डिव्हाइसेस फाउंड’ आलं. हे कसं लिहावं? ‘उपकरण आढळून आले नाही’ म्हटलं की पंचनामा वाटतो. ‘डिटेक्ट होत नाही’ सगळेच म्हणतात, पण नेमकं काय झालं नाही ते त्यातून कळत नाही. ‘ओळखत नाही’ चालेल का?

प्रतिसाद:
‘ओळखत नाही’ नको. स्कॅनर कोणालाच ओळखत नसतो. तो सात बिटांचे पत्ते ओळीने पुकारतो. पत्ता आणि त्यामागचा वाचन-लेखनाचा बिट गेला की क्लॉकच्या नवव्या ठोक्याला एसडीए ही डेटाची लाइन मोकळी सोडतो आणि ती कोणी खाली ओढतंय का, एवढंच बघतो. ओढली, म्हणजे त्या पत्त्यावर कोणीतरी आहे. कोण, ते त्याला ठाऊक नाही. हेक्स (सोळाच्या पद्धतीतल्या) ६८ वर एमपीयू ६०५० हा हालचाल मोजणारा सेन्सर असू शकतो, तसंच डीएस ३२३१ हे घड्याळही. दोघांची ओ सारखीच. म्हणून ‘ओ देत नाही’ हेच बरोबर.

जाता जाता: नॅकला (पोच न आल्याच्या खुणेला) ‘नकार’ लिहू नका. स्कॅनमध्ये नॅक आला म्हणजे कोणी नाही म्हटलं असं नव्हे. लाइन खाली ओढायला कोणीच आलं नाही, पुल-अपमुळे, म्हणजे लाइन पुरवठ्याकडे ओढणाऱ्या रोधकामुळे, ती वरच राहिली. ‘पोच आली नाही’ म्हणा.

प्रतिसाद:
‘ओ देणं’ बोलण्यात छान, पण छापील टिपणात जरा घरगुती नाही का वाटणार?

प्रतिसाद:
वाटू द्या. त्या शब्दामुळे शिकणारा योग्य जागी शोधायला लागतो. हाक पोचली का? एसडीए-एससीएल (डेटा आणि क्लॉकच्या तारा) उलटसुलट नाहीत ना, ग्राउंड सामाईक आहे ना, ते बघा. बस शांत असताना मल्टिमीटर लावला तर दोन्ही लाइनवर जवळपास पुरवठ्याइतका व्होल्टेज दिसायला हवा. नसेल तर पुल-अपची चौकशी करा. बऱ्याच मॉड्यूलवर ते असतात, सुट्या चिपला मात्र ४.७ किलोओहमचे स्वतः लावावे लागतात. एव्हीआर मायक्रोकंट्रोलर चिपच्या आतले पुल-अप २० ते ५० किलोओहमचे, म्हणजे फार दुबळे. त्यांच्या भरवशावर राहू नये.

आणि हाक बरोबर पत्त्यावर मारली का? काही ओलेड डिस्प्लेंच्या पाठीवर हेक्स ७८ छापलेलं असतं. तो वाचन-लेखनाचा बिट धरून केलेला आठ बिटांचा आकडा. कोडमध्ये त्याच्या निम्मा, हेक्स ३सी, द्यायचा. बीएमई २८० या हवामान मोजणाऱ्या सेन्सरचा एसडीओ पाय ग्राउंडला जोडला तर पत्ता हेक्स ७६, पुरवठ्याला जोडला तर हेक्स ७७. तो पाय लोंबकळत ठेवला तर पत्त्याची खात्री नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
पटलं. पण मग ‘ओळखणं’ कुठेच वापरायचं नाही?

प्रतिसाद:
वापरायचं की, आणि तिथे दुसरा शब्द चालणारच नाही. स्कॅनर ७६ दाखवतो, तरी लायब्ररी म्हणते सेन्सर सापडला नाही. लोक इथे पुन्हा वायरी उपटायला घेतात. वास्तविक ओ आलेली असते, ओळख पटलेली नसते. लायब्ररी हेक्स डी० हे रजिस्टर, म्हणजे चिपमधला ओळख-क्रमांकाचा कप्पा, वाचते. बीएमई २८० असेल तर हेक्स ६० येतं, त्याचा भाऊबंद बीएमपी २८० असेल तर हेक्स ५८. पत्ते दोघांचे तेच, पण बीएमपीला आर्द्रता मोजता येत नाही. बीएमई समजून घेतलेल्या बोर्डावर बीएमपी निघाला की हा घोळ होतो. इंग्रजी संदेशात दोन्हीकडे ‘फाउंड’ असतं, मराठीत तरी दोन वेगळी क्रियापदं ठेवा.

प्रतिसाद:
‘बस हँग झाली’ यासाठीही काही सुचवा. वाचन चालू असताना कंट्रोलर रीसेट झाला, तर सेन्सर पुढच्या क्लॉकची वाट बघत एसडीए खालीच ठेवतो. मग बसवरचं कोणीच बोलू शकत नाही.

प्रतिसाद:
‘सेन्सरने एसडीए धरून ठेवली’. कोणी धरली तेही त्यातच येतं. उपाय लिहिताना ‘एससीएलवर क्लॉकचे नऊपर्यंत ठोके द्या, लाइन सुटली की स्टॉप (बोलणं संपल्याची खूण) पाठवा’ असं सरळ लिहा. धरली आणि सुटली, जोडी नीट जमते.

मूळ प्रश्नकर्ता:
घेतले तिन्ही. पुल-अप मात्र पुल-अपच ठेवतोय, ‘ऊर्ध्वकर्षक रोधक’ लिहायची माझी छाती नाही.