अनुभव धागा: व्हिडिओ उतरवले आणि बॅकअप संपेचना

बाबांनी 2003 ते 2008 या काळात मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर केलेलं शूटिंग यंदा गणपतीच्या सुट्टीत कॉम्प्युटरवर उतरवलं. बावीस कॅसेटी. तासाभराच्या एका कॅसेटची फाइल साधारण 13 जीबीची, म्हणजे सगळं मिळून 285 जीबीच्या आसपास. एका कॅसेटमध्ये आजी मोदकाच्या कळ्या पाडतेय आणि मधेच मान वर करून म्हणते, "अरे, ते बंद कर आणि नारळ खवायला ये." तिचा आवाज आमच्याकडे एवढाच उरलाय.

रात्रभर बॅकअप चालला, सकाळी पूर्ण झाला. मग मी फाइलींना नीट नावं दिली, वर्षाप्रमाणे फोल्डर केले. संध्याकाळी बघते तर पुन्हा 285 जीबीची कॉपी सुरू! माझा बॅकअपचा प्रोग्राम फाइल ओळखतो ती नावावरून आणि जागेवरून. दोन्ही बदललं की त्याच्या लेखी ती नवी फाइल. 1 टीबीची डिस्क भरली आणि जागा करायला त्याने जुने बॅकअप पुसून टाकले.

तुमच्याकडे काय झालं, कारण कसं सापडलं, सविस्तर लिहा. मोबाइलमधले व्हिडिओ उतरवायच्या आधी मला ते वाचायचंय.

—

ताई, नावं देण्याचं काम पहिल्या बॅकअपच्या आधीच उरकायचं, हे मीही असंच शिकलो. माझ्याकडे मॅक आहे. त्यातला टाइम मशीन हा बॅकअपचा प्रोग्राम दर तासाला बॅकअप घेतं आणि मी तर दिवसभर मुंजीच्या व्हिडिओचं एडिटिंग करत होतो. एडिटिंगमध्ये तयार होणाऱ्या तात्पुरत्या फाइलीही दर तासाला डिस्कवर जात राहिल्या. आता चालू काम वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि तो फोल्डर सेटिंगमध्ये बॅकअपमधून वगळलाय. मूळ फुटेज मात्र कधीच वगळत नाही.

—

माझ्या डिस्कवर 600 जीबी मोकळे आणि तरी फाइल मोठी आहे म्हणून नकार. दोन दिवस केबल बदलत बसले. डिस्क फॅट32 फॉरमॅटची होती, त्यात 4 जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल मावतच नाही. आतलं सगळं दुसरीकडे काढून डिस्क एक्सफॅट फॉरमॅटची केली, त्यात मोठ्या फाइली मावतात, लगेच चाललं.

—

क्लाउडवर टाकणाऱ्यांनी आधी अपलोडचा वेग बघावा, डाउनलोडचा नाही. आमच्याकडे अपलोड 10 एमबीपीएस (सेकंदाला 10 मेगाबिट; 8 बिटांचा एक बाइट). म्हणजे तासाला फार तर 4.5 जीबी, आणि माझे 300 जीबी जायला जवळपास तीन दिवस अखंड. बायकोचे ऑफिसचे कॉल तुटायला लागले तेव्हा कुठे मी गणित मांडलं. आता रात्री अकरा ते सकाळी सात एवढंच चालू ठेवतो.

—

मॅकवर फाइली डिलीट करूनही जागा मोकळी होत नसेल तर घाबरू नका. टाइम मशीन मॅकच्याच डिस्कवर लोकल स्नॅपशॉट (फाइलींच्या त्या वेळच्या स्थितीची नोंद) ठेवतं, ते साधारण 24 तासांनी आपोआप जातात.

—

मी सांगलीचा. माझा बॅकअप वेळच्या वेळी पूर्ण होत होता, एकही एरर नाही. फक्त कॉम्प्युटर आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर, तळमजल्यावर. ऑगस्ट 2019 च्या पुरात दोन्ही गेलं, खालच्या कपाटातला कॅमेराही गेला. कॅसेटी आईने माळ्यावर टाकल्या होत्या म्हणून वाचल्या. मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर पुन्हा उतरवायला बसलो. तासाची कॅसेट उतरायला तासच लागतो, त्यात घाई चालत नाही. तोही कॅमेरा मध्येच बंद पडला. बहिणीच्या लग्नाच्या नऊ कॅसेटी अजून डब्यात आहेत, सिलिका जेलच्या पुड्या घालून. ज्या उतरल्या त्यांची एक डिस्क आता पुण्याला मामांकडे असते. दर दिवाळीला ती लावून दोन-तीन फाइली मधूनमधून चालवून बघतो.

—

सांगलीचे दादा, बाबांचा कॅमेरा अजून उत्तम चालतो. फायरवायर पोर्ट (असा कॅमेरा जोडायची जुनी खाच) असलेला जुना लॅपटॉप आणि केबलही आहे. पुढच्या महिन्यात मी मिरजेला माहेरी येतेय, सगळं सोबत आणते. नऊ कॅसेटी म्हणजे दोन दिवस धरा.